लांबलेलें उष्टावण

धानाच्या शेतांनीं वेढलेल्या गोंदिया जिल्ह्यांत उष्टावणाचा पहिला घास भाताचाच असावयाचा. परंतु कांहीं मुलांच्या नशिबीं हा घास फार उशिरां येतो. अपुऱ्या दिवसांचें अथवा गंभीर आजारी अर्भक चोखूं वा गिळूं शकत नाहीं, तेव्हां नाकांतून जठरापर्यंत घातलेल्या बारीक नळीनें त्यास दूध देतात. या उपायानें जीव वांचतो. मात्र नळी महिनोन्‌महिने राहिली, कीं नवीच अडचण उभी राहते. पोट घड्याळाच्या कांट्यावर भरत असल्यानें भूक म्हणजे काय, हेंच मुलाला उमगत नाहीं. चमचा दिसतांच तें तोंड मिटून घेतें. आई धास्तावून घास कोंबूं लागते. त्यानें भीति वाढते, भूक नव्हे.

यावर उपाय भूक जागी करण्याचा. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील बालरोगतज्ज्ञांनीं ही पद्धत नांवारूपास आणली. मूल सुरक्षितपणें गिळतें कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं प्रथम तपासावें. अन्न श्वासनलिकेंत गेल्यास प्राणावर बेततें. मग नळीचें दूध त्यांच्याच देखरेखीखालीं कमी करावें, आणि मुलास घरच्यांच्या पंगतीला बसवून मऊ भात त्याच्या हातीं द्यावा. त्यानें तो चिवडला, सांडला, तरी रागावूं नये.

आरंभीं वजन थोडें उतरतें, आणि तेथेंच घराचा धीर सुटतो. श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कीं नळी आपल्या हातानें काढूं नये, तसेंच घाबरून दूधहि वाढवूं नये. गोंदियांत २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथील बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतां येईल. मुलानें आपण होऊन तोंडांत घातलेलें भाताचें एक शीत, हेंच त्याचें खरें उष्टावण होय.