सामन्यापूर्वीचा अंदाज

अमेरिकेंत ओहायो आणि मिशिगन हीं दोन शेजारचीं राज्यें आहेत. नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस दरवर्षीं तेथें एक आठवडा असा येतो कीं, त्या आठवड्यांत एरव्हीं समंजस असणारीं माणसेंहि थोडीशीं हट्टी होतात. कोलंबस शहरांतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारांत पाट्यांवर आणि फलकांवर जेथें जेथें इंग्रजी 'एम्' हें अक्षर असेल, तेथें तेथें तें तांबड्या पट्ट्यांची फुली मारून खोडण्यांत येतें. कारण इतकेंच, कीं तें मिशिगनचें आद्याक्षर! आणि याच आठवड्यांत घरोघर, उपाहारगृहांतून आणि कचेऱ्यांतून एकच विषय चालतो: यंदा आपला संघ कसा काय आहे? शनिवारीं काय होईल? या प्रश्नाचें उत्तर चाहता मनुष्य कसें काढतो आणि तें किती वेळां खरें ठरतें, याचा विचार मोठा उद्‌बोधक आहे.

फुटबॉल म्हटल्याबरोबर कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढें जो खेळ उभा राहतो, तो येथें अभिप्रेत नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातांत धरून पळावयाचें, किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचा, आणि शंभर यार्ड लांबीच्या मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यावयाचा. एका वेळीं एका बाजूस अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. रेषेपलीकडे चेंडू नेला कीं सहा गुण, व मागाहून तो लाथेनें उडवून खांबांमधून घातला कीं आणखी एक. मैदानांतूनच लाथेनें खांबांमधून घातला तर तीन. समोरासमोर वाकून उभे राहणारे जे धिप्पाड गडी, त्यांची ओळ हा या खेळाचा पाया होय. टाळ्या मिळतात त्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला. पण त्याला वाट करून देतात ते हे ओळींतले गडी. पुढील विवेचन समजण्यास एवढें पुरें आहे.

या दोन राज्यांचें वैर खेळाहूनहि जुनें आहे. १८३५ सालीं टोलेडो गांवाच्या आसपासच्या पट्ट्यावरून त्यांची तेढ इतकी वाढली कीं, दोहोंनीं आपापलीं शिबंदी पथकें सीमेकडे धाडलीं. पुढें टोलेडो ओहायोकडे गेलें आणि मिशिगनला उत्तरेकडील मोठा प्रदेश मिळून तो तंटा मिटला. मिशिगन विद्यापीठ व ओहायो स्टेट यांचा पहिला सामना १८९७ सालीं झाला. त्यांत मिशिगननें ३४–० असा विजय मिळविला. १९१८ पासून हा सामना प्रतिवर्षीं होत आला. २०२० सालीं मात्र साथीमुळें तो रद्द करावा लागला. दोन्ही विद्यापीठांच्या मैदानांत लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. एका महाविद्यालयीन सामन्यास लाख माणसें जमतात, यावरून तेथील लोकांच्या भावना किती गुंतलेल्या असतील याची कल्पना येईल.

आतां चाहत्याच्या अंदाजाकडे वळूं. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें' ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. आपल्या गड्यानें चेंडू हातचा घालविला तर मैदान ओलें होतें. प्रतिपक्षाच्या गड्यानें घालविला तर तो मुळांतच कच्चा! परंतु आंधळें प्रेम हाच एक दोष नव्हे. भीतीहि तितकीच आंधळी असते. १९३२ व १९३३ या लागोपाठच्या दोन वर्षीं मिशिगनचा संघ राष्ट्रांत अग्रेसर ठरला होता, आणि ओहायोचे लोक सामन्यापूर्वींच हातपाय गाळून बसत. १९३४ सालीं फ्रान्सिस श्मिट नांवाचे नवे प्रशिक्षक आले. मिशिगनचे खेळाडूदेखील इतरांप्रमाणेंच एकेक पाय घालूनच विजार चढवितात, असें त्यांनीं हंसत सांगितलें. त्या वर्षीं ओहायो स्टेटनें ३४–० असा सामना जिंकला. तेव्हांपासून मिशिगनवर विजय मिळविणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक चिमुकली विजार बक्षीस देण्याचा प्रघात तेथें पडला आहे.

आशा आणि भीति या दोहोंस बाजूस सारून जो हिशेब करूं पाहतो, त्याच्या वाटेंतहि अडचणी असतात. १९५० सालच्या सामन्याचेंच उदाहरण घ्या. २५ नोव्हेंबर रोजीं कोलंबस येथें हिमवादळ चाललें होतें. मैदानावरील रेषाहि दिसत नव्हत्या. चेंडू हातांत ठेवणें धोक्याचें, म्हणून दोन्ही संघ तो लाथेनें दूर भिरकावीत राहिले, आणि असें एकंदर पंचेचाळीस वेळां घडलें. चार प्रयत्नांत दहा यार्ड ही गोष्ट मिशिगनला संपूर्ण सामन्यांत एकदांहि साधली नाहीं. फेंकलेला एकहि चेंडू त्यांच्या गड्याच्या हातीं पडला नाहीं. तरीहि मिशिगननें तो सामना ९–३ असा जिंकला. कारण लाथेनें उडविलेला चेंडू अडवून त्यांनीं आपले सर्व गुण मिळविले. आधींच्या आठ सामन्यांचे आंकडे पाठ असणाऱ्या माणसाला या निकालाचा अंदाज कोठून येणार?

दुसरें उदाहरण १९६९ सालचें. ओहायो स्टेटनें सलग बावीस सामने जिंकले होते. मागील वर्षीं याच संघानें मिशिगनचा ५०–१४ असा फडशा पाडला होता. त्यांचे प्रशिक्षक वुडी हेज यांचा दरारा मोठा. मिशिगनकडे बो शेंबेक्लर हे त्याच वर्षीं आलेले प्रशिक्षक. आणि गंमत अशी कीं, ते पूर्वीं हेज यांच्याच हाताखालीं साहाय्यक म्हणून शिकलेले! ॲन आर्बर येथील त्या सामन्यांत मिशिगननें २४–१२ असा विजय मिळविला, आणि ओहायोनें फेंकलेले सहा चेंडू मधल्यामध्यें हिरावून घेतले. ओहायोच्या चाहत्यानें आपल्या संघाचें बळ मोजण्यांत कांहीं चूक केली नव्हती. त्यानें मोजलें नाहीं तें एवढेंच, कीं समोरचा मनुष्य आपली विद्या आपल्याच घरीं शिकून गेला आहे, आणि आदल्या वर्षीचे पन्नास गुण त्या मुलांच्या मनांत वर्षभर सलत आहेत.

तथापि अंदाज कसा करावा आणि कसा करूं नये, हें शिकविणारा सर्वांत बोधप्रद सामना म्हणजे ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं कोलंबस येथें झालेला. त्या दिवशीं ओहायो स्टेटचा संघ राष्ट्रांत दुसऱ्या क्रमांकावर होता. अकरापैकीं दहा सामने त्यानें जिंकले होते. हरलेला एकमेव सामना ओरेगनशीं, तोहि ३२–३१ असा एका गुणानें. आदल्याच आठवड्यांत इंडियानाच्या बलाढ्य संघाला त्यानें ३८–१५ असें नमविलें होतें. उलट मिशिगननें अकरांपैकीं पांच सामने गमावले होते. पैजा लावणारे लोक ओहायोला सुमारें वीस गुणांनीं सरस धरीत होते. मागील तीन वर्षीं मिशिगननें ओहायोला हरविलें होतें हें खरें. पण तो संघ आतां राहिला नव्हता. प्रशिक्षक धंदेवाईक संघाकडे गेले होते, आणि उत्तम खेळाडूहि त्याच वाटेनें गेले होते. 'यंदा तरी उट्टें निघणारच,' असें ओहायोच्या चाहत्यानें म्हटलें असल्यास त्याला दोष कोण देईल?

परंतु त्याच चाहत्यानें वहीच्या दुसऱ्या पानावर नजर टाकली असती, तर दोन गोष्टी त्याला दिसल्या असत्या. ओहायोच्या ओळींतील डाव्या टोकाचा सांभाळ करणारा मुख्य गडी ओरेगनच्या सामन्यांत जायबंदी झाला होता. आणि मध्यावर उभा राहून चेंडू मागें देणारा जो गडी, त्याच्या टांचेवरचा स्नायुबंध थोड्याच दिवसांपूर्वीं सरावांत तुटला होता. म्हणजे भिंतीच्या दोन मोक्याच्या विटा निखळलेल्या. आणि मिशिगनचें बळ कोठें होतें? नेमकें तेथेंच! मेसन ग्रॅहॅम व केनेथ ग्रँट हे त्यांचे दोन पर्वतप्राय गडी बरोबर मध्यभागीं उभे राहणारे. बाकीच्या साऱ्या बाबतींत मिशिगन उणें होतें, एवढ्या एका ठिकाणीं तें सरस होतें. आणि तो सामना त्याच ठिकाणीं खेळला गेला.

ओहायोजवळ जेरेमाया स्मिथसारखा दूरचा चेंडू झेलणारा अप्रतिम खेळाडू होता. तरी संघ पुन्हां पुन्हां मध्यावरच धडका देत राहिला. पळून मिळविलेलें त्यांचें अंतर सगळें मिळून ७७ यार्ड. जवळच्या अंतरावरून खांबांमधून मारावयाचे दोन चेंडू हुकले. मध्यंतराला १०–१० अशी बरोबरी होती; त्यानंतर ओहायोला एकहि गुण मिळाला नाहीं. पंचेचाळीस सेकंद उरले असतां मिशिगननें लाथेनें तीन गुण मिळविले, आणि सामना १३–१० असा संपला. लाखभर माणसांना घरीं परत जाण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

पुढें जें झालें, तें त्याहून महत्त्वाचें आहे. प्रशिक्षक रायन डे यांना तात्काळ काढून टाकावें, असा ओरडा चाहत्यांतूनच उठला. विद्यापीठानें तो मानला नाहीं. मग तोच संघ, तेच प्रशिक्षक, आणि ओळींतील त्याच निखळलेल्या जागा असतां, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत उतरला. टेनेसीला ४२–१७, ओरेगनला ४१–२१, टेक्सासला २८–१४ असें हरवून २० जानेवारी २०२५ रोजीं नॉटर डेमवर ३४–२३ असा विजय मिळवून राष्ट्रविजेता ठरला. मिशिगनच्या सामन्यापासून या दिवसापर्यंत अवघे एक्कावन्न दिवस लोटले होते.

यावरून असें दिसतें कीं, 'आपला संघ किती चांगला आहे?' आणि 'शनिवारचा सामना कोण जिंकेल?' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत; आणि चाहता मनुष्य पहिल्याचें उत्तर दुसऱ्याला देऊन टाकतो. २०२४ सालचा ओहायोचा संघ उत्तम आहे हा त्याचा अंदाज अक्षरशः खरा होता. जानेवारीनें तो सिद्ध केला. चुकला तो एका दुपारचा हिशेब. संघाचें मोल वर्षभराच्या कामगिरीवरून ठरतें. सामन्याचा निकाल मात्र त्या विशिष्ट प्रतिपक्षाचें बळ आपल्या विशिष्ट उणिवेवर येऊन आदळतें कीं नाहीं, यावर पुष्कळसा अवलंबून असतो. म्हणून जाणता चाहता आपल्या गुणांची यादी करण्यापूर्वीं आपल्या जखमांची यादी करतो, आणि ती शत्रूच्या सामर्थ्याशेजारीं ठेवून पाहतो. उरलेल्या भागांत हवा, वारा, चेंडूची उसळी यांनाहि तो थोडी जागा मोकळी सोडतो.

अलीकडे हें काम अधिक अवघड झालें आहे. पूर्वीं मुलगा विद्यापीठांत येई, दोन वर्षें बाकावर बसे, तिसऱ्या वर्षीं मैदानांत उतरे. चाहता त्याला वाढतांना पाही आणि त्याचा वकूब ओळखी. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवाच्या व प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाणेंहि सोपें झालें. २०२५ पासून तर विद्यापीठें स्वतःच खेळाडूंना मोबदला देऊं लागलीं असून, पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठास सुमारें दोन कोटी पांच लक्ष डॉलर इतकी ठरली. जो राबतो त्याला मोबदला मिळावा यांत अन्याय कांहींच नाहीं. पण यामुळें चाहत्याची जुनी ओळख तुटते, आणि पैसे मोजले म्हणजे विजय मागण्याचा हक्क आला, अशी एक नवी कठोरता त्याच्या बोलण्यांत शिरूं पाहते.

या कठोरतेपासून मात्र सावध राहिलें पाहिजे. मैदानांत उतरणारीं हीं मुलें एकोणीस-वीस-बावीस वर्षांचीं आहेत. हुकलेला चेंडू मारणाऱ्या मुलाला त्या रात्रीं झोंप आली नसेल, हें समजण्यास आंकडेशास्त्र लागत नाहीं. शाळेंतला चांगला शिक्षक परीक्षेपूर्वीं विद्यार्थ्याच्या उणिवा स्पष्ट सांगतो. पण निकाल लागल्यावर नापास मुलाला घराबाहेर काढा, असें सांगत नाहीं. संघावर खरें प्रेम करणाऱ्यानेंहि तीच रीत पाळावी: सामन्यापूर्वीं परखड, सामन्यानंतर उदार. व्यवहारांत बहुधा याच्या उलट होतें. आधीं डोळे मिटून स्तुति, आणि मग डोळे मिटूनच शिव्या.

२९ नोव्हेंबर २०२५ रोजीं ओहायो स्टेटनें ॲन आर्बरला जाऊन मिशिगनला २७–९ असें हरविलें, आणि चार वर्षांच्या पराभवांची मालिका संपली. कोलंबसच्या आनंदाला अर्थातच पारावार राहिला नाहीं. खेळाडूंना सोन्याच्या चिमुकल्या विजारींचा मान पुन्हां लाभला. पुढच्या नोव्हेंबरांत पाट्यांवरील अक्षरांवर पुन्हां फुल्या पडतील आणि घरोघर तोच प्रश्न विचारला जाईल. त्या वेळीं ज्याच्या घरीं तो विचारला जाईल, त्यानें आधीं ओळींतील गड्यांची विचारपूस करावी, मग शनिवारच्या हवेची; आणि घरांतील लहान मुलांना एवढें सांगून ठेवावें, कीं सामना हरला तरी रविवारीं सकाळीं संघ आपलाच असतो.