गाणाऱ्या बाईची मजुरी

(वळ, ता. भिवंडी येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त भाग)



आपल्या मेळाव्यात गोदामातल्या मजुरीबद्दल, रेशनबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल नेहमी बोलणं होतं. आज मी एका गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

त्यांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोक त्यांच्या कलानिष्ठेचे गोडवे गातात. मला विचारावंसं वाटतं, नवव्या महिन्यात त्यांना नाचावं का लागलं?

उत्तर तमाशाच्या हिशेबात आहे. फड चालतो दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रांपर्यंत. पावसाळ्यात कमाई नाही. तेव्हा घर चालतं उचलीवर. उचल घेतली की ती फिटेपर्यंत अंगात ताप असो की पोटात मूल, उभं राहावंच लागतं. बाई स्वतः फडाची मालकीण झाली तरी सुटका नाही. ट्रक, तंबू, वाजवणारे, सगळ्यांची पोटं तिच्यावर. आपल्या वीटभट्टीवरच्या बायांना ही उचल काय असते ते वेगळं सांगायला नको.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला, तमाशाच्याच घरात झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड नावाजलेला होता. ज्या जातीला गाव वेशीबाहेर ठेवी, त्याच जातीच्या बाईच्या लावणीवर तेच गाव रात्रभर फेटे उडवी. १९६२च्या युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांपुढे तमाशा केला. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. तरीही म्हातारपण हलाखीत गेलं. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलं केलं. पण त्या जिवंत असताना त्यांच्या औषधपाण्याची सोय हा त्यांचा हक्क आहे, असं कोणाला वाटलं नाही.

असं का होतं? कारण गाणाऱ्या बाईचं काम हे काम मानलंच जात नाही. ते एक तर कला असतं, नाहीतर चवचालपणा. दूरच्या जमैका बेटावर रेगे संगीतातून निघालेला डान्सहॉल नावाचा प्रकार आहे. गरीब वस्त्यांत मोठे कर्णे लावून रात्रभर नाचायचं. त्यातली नामवंत गायिका लेडी सॉ, खरं नाव मॅरियन हॉल, आधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करी. पुरुष गायक अचकट-विचकट गात, ते चाले. तिने तसंच गायलं, तर १९९०च्या दशकात तिच्या कार्यक्रमावर बंदी आली.

आपल्याकडे वेगळं नाही. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली. तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं त्यातून वगळली होती! म्हणजे श्रीमंतांपुढचा नाच सभ्य, बाकीच्यांपुढचा असभ्य. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही बंदी बेकायदा ठरवली, तोवर हजारो बाया रस्त्यावर आल्या होत्या. बंदीबद्दल स्त्री-संघटनांमध्येही दोन मतं होती. बारमध्ये शोषण होतं हे खरंच होतं. पण शोषण होतं म्हणून कामच काढून घ्यायचं, हा न्याय आपण गोदामाला लावतो का? तिथे आपण मजुरी मागतो, संडास मागतो, रात्री घरी पोचवायला गाडी मागतो.

आता आपल्या गावाकडे या. लग्नसराईत हळदीला ऑर्केस्ट्रा येतो, गाणारी मुलगी येते. तिचे पैसे कोणाच्या हाती जातात? रात्री दोन वाजता दारुड्यांनी स्टेजवर चढून नोटा ओवाळल्या तर कोण उठून थांबवतं? धवले गाऊन लग्न लावणाऱ्या आपल्या धवलारणीला आपण ठरवून मजुरी देतो, की एखादं लुगडं हातावर ठेवून वाटेला लावतो?

यंदाच्या हळदीपासून एवढं करू या. गाणारीचा दर आधी ठरवायचा आणि पैसे तिच्याच हातात द्यायचे. स्टेजजवळ आपल्या चार-पाच जणींनी बसायचं. तिची परतीची गाडी निघाल्याशिवाय उठायचं नाही. कोणी विचारलं, तुम्हाला काय पडलंय, तर सांगा : ती कामावर आली आहे.