अफू, मेंदू आणि आपले घर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संक्षिप्त रूप)



परवा मोदकाच्या सारणात आपण जी खसखस घातली, ती अफूच्याच बोंडातली. खसखशीने नशा होत नाही. नशा असते कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणाऱ्या चिकात. आपण माळव्यातली माणसे, आपल्याला अफू परकी नाही. एकोणिसाव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. रडक्या बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवणाऱ्या आयाही तेव्हा होत्या. आजही मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यापासून मॉर्फिन, कोडीन ही औषधे बनतात. कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनसारखा दुसरा आधार क्वचितच. मग तीच वस्तू माणसाला गुलाम का करते?

एका झाडाच्या चिकाची किल्ली बसेल असे कुलूप आपल्या मेंदूत आहे, हे 1973 मध्ये सिद्ध झाले. ते कुलूप तिथे कशासाठी, याचे उत्तर 1975 मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या संशोधकांनी दिले. वेदना शमवणारी अशीच द्रव्ये मेंदू स्वतः तयार करतो. अफू, हेरॉइन किंवा वेदनाशामक ट्रॅमाडॉलच्या गोळ्या त्याच कुलपांत शिरतात, पण कितीतरी अधिक जोराने. त्याच वेळी डोपामिन वाढते आणि ‘हे पुन्हा कर’ अशी खूण मेंदूत पक्की होते.

रोज असे होऊ लागले की मेंदू त्या कुलपांचा प्रतिसाद कमी करतो. म्हणून मात्रा वाढते. आणि वस्तू मिळाली नाही की जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब, हातपाय ओढणे, रात्र रात्र झोप नाही. अशा मुलाला आता मजा मिळत नसते. चारचौघांसारखे उठून बसता यावे, एवढ्यासाठी तो घेत असतो. खोटे बोलणे, कपाटातले पैसे जाणे, हे सारे त्यातून येते. ते खपवून घ्या असे मी म्हणत नाही. त्याचे मूळ ओळखा, एवढेच सांगतो.

आपण मात्र काय करतो? गणपतीपुढे शपथ घालतो. खोलीत कोंडतो. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणतो आणि दुसऱ्या घरची लेक त्या आगीत लोटतो. शरीराचा त्रास आठ-दहा दिवसांत बराच ओसरतो, पण मेंदूतली खूण राहते. तो जुना मित्र, ती गल्ली, हातात आलेला पगार, एवढ्याने ओढ पुन्हा जागी होते.

इथे एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. काही आठवडे सुटल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास चालवणारे मेंदूतले केंद्रच मंदावते आणि मृत्यू येऊ शकतो. घरी आलेला मुलगा घरघर घोरतो आहे, हलवून उठत नाही, ओठ निळसर झाले आहेत, तर ‘झोपू द्या’ म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा. नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर श्वास परत येतो.

उपचार आहेत. ब्यूप्रेनॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे द्यावी लागतात. मधुमेहाच्या गोळीला आपण नावे ठेवत नाही, तशी यालाही ठेवू नयेत. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने औषधाबरोबर कुटुंबाला आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांना उपचारात सामील करून घेतले. पुन्हा घसरण झाली तर तो उपचार फुकट गेला असे समजू नका. त्याच आठवड्यात परत डॉक्टरांकडे जा.

आपला समाज इथे लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून अशी घरे दार लावून बसतात आणि उत्सवालाही येईनाशी होतात. असे एखादे घर तुमच्या ओळखीचे असेल, तर चौकशा न करता प्रसाद घेऊन जा. निघताना 14446 हा सरकारी, निःशुल्क व्यसनमुक्ती मदतक्रमांक त्या माउलीच्या हाती द्या, आणि दवाखान्यात सोबत येतो म्हणून सांगा.

गणपती बाप्पा मोरया!