राहणी, राहणीमान आणि जीवनशैली



आपल्या वधूवर-सूचीत हल्ली ‘जीवनशैली’ असा एक रकाना असतो आणि त्यात घर, मोटार, परदेशप्रवास यांची नोंद केलेली आढळते. आमच्या मते हे राहणीमान होय. ते पैशाने मोजता येते. राहणी निराळी, ती अंगवळणी पडलेली असते. आणि जीवनशैली? व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी याच अर्थाचा जर्मन शब्द योजिला, तो बालपणीच घडणाऱ्या व संकटांना सामोरे जाण्याची रीत ठरविणाऱ्या मनाच्या वळणासाठी. जाहिरातदारांनी पुढे तो दुकानात नेऊन बसविला, हे वेगळे! स्थळ पाहताना मोटारीची चौकशी खुशाल करावी. परंतु घरात आजारपण आले असता मुलगा वा मुलगी काय करते, हेही त्याच रकान्यात विचारले जावे, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे.