दिनविशेषाच्या दोन ओळी



मघाशी फाटकातून आत येताना तुमच्या शाळेच्या फलकावरचा आजचा दिनविशेष वाचला. खडूने, सुबक अक्षरात लिहिलेल्या दोन ओळी. 19 डिसेंबर 1927 : रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह यांना फाशी. 19 डिसेंबर 1961 : गोवा मुक्त. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. परिपाठाला दिनविशेष एका श्वासात वाचून जागेवर पळणारी मुले रोज पाहिली. तास सुरू व्हायचा, आणि त्या ओळी तशाच राहायच्या. आज तास नाही. म्हणून त्या ओळींपाशीच थांबतो.

बिस्मिल गोरखपूरच्या तुरुंगात होते, अशफाक फैजाबादच्या, रोशनसिंह अलाहाबादच्या. एकच सकाळ, तीन गावे. बिस्मिल तिशीचे, अशफाक सत्तावीस वर्षांचे. दोघे शाहजहानपूरचे, जिवलग मित्र. एक कट्टर आर्यसमाजी, दुसरा धर्मनिष्ठ मुसलमान. 9 ऑगस्ट 1925 रोजी काकोरीजवळ गाडी थांबवून सरकारी खजिना लुटला, त्या खटल्यातली ही शिक्षा. चौथे राजेंद्र लाहिरी. त्यांना गोंड्याच्या तुरुंगात दोन दिवस आधीच, 17 तारखेला फाशी दिले, म्हणून आजच्या ओळीत त्यांचे नाव नाही. आणि याच खटल्यात दहा वर्षांची सक्तमजुरी भोगायला गेलेले रामकृष्ण खत्री तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. ते कोणत्याच तारखेत बसत नाहीत. मला हे फार लागते. तारखेच्या चौकटीत मावतो तेवढाच इतिहास आपण पाठ करतो.

आता दुसरी ओळ. 1510 मध्ये आलेली पोर्तुगीज सत्ता 1961 च्या 19 डिसेंबरला संध्याकाळी संपली. भारतीय सैन्य 18 तारखेला गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढा, असा लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता. त्यांनी तो मानला नाही, आणि त्यामुळे कितीतरी माणसे वाचली. शत्रूच्या बाजूचा असला तरी हा निर्णय मी वर्गात नेहमी सांगत आलो.

या दोन घटना एकाच तारखेला आल्या त्या योगायोगाने. मधे चौतीस वर्षे आहेत. पण सगळ्या तारखा अशा नसतात; काही माणसांनी मुद्दाम निवडलेल्या असतात. लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि 26 जानेवारी 1930 हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. पुढे संविधान 26 नोव्हेंबर 1949 लाच स्वीकारले गेले, तरी ते पूर्णपणे अमलात आणायला देश दोन महिने थांबला. त्या जुन्या 26 जानेवारीची आठवण ठेवून.

आणि 15 ऑगस्ट? ती माउंटबॅटननी निवडली. 1945 मध्ये त्याच दिवशी जपानच्या शरणागतीची घोषणा झाली होती. त्यांच्या दृष्टीने तो विजयाचा दिवस. पण 15 ऑगस्ट 1942 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले होते. 1947 चा 15 ऑगस्ट गांधीजींनी कलकत्त्यात उपवास आणि प्रार्थनेत काढला. महादेवभाईंच्या स्मृतीसाठी गीतापाठ केला. दिल्लीत रोषणाई चालली होती, आणि इकडे एक म्हातारा माणूस आपल्या सहकाऱ्याची पुण्यतिथी पाळत होता. तारीख तीच.

तुमच्या गावापासून गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी किती जवळ! 1955 साली सत्याग्रहींनी गोव्याच्या हद्दीत शिरायला 15 ऑगस्टच निवडला. ऐन पावसात, हातात शस्त्र नाही, नुसता तिरंगा. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या. त्यांच्या पुढे गेलेले कर्नैलसिंग तिथेच पडले. ते पंजाबातल्या ईसडू गावचे, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माझी आई सांगायची, बांद्याला सत्याग्रहींसाठी घराघरातून भाकऱ्या जायच्या. तिनेही पहाटे उठून थापल्या होत्या. त्यातली एखादी कुणाच्या शिदोरीत गेली, कोण परत आले, कोण नाही, हे तिला कधीच कळले नाही. दर 15 ऑगस्टला झेंडावंदन आटोपून घरी आलो की ती हेच सांगायची, आणि चुलीकडे वळायची. पुस्तकात हा दिवस मी पुष्कळ वाचला, पण मला तो आईच्या हाताला लागलेल्या पिठासकट आठवतो.

मुलांनो, तुमच्या घरातही अशी एखादी तारीख असेल. आजीला विचारा. तिने सांगितलेले फलकावर लिहायला शिक्षक नाही म्हणणार नाहीत, याची मला खात्री आहे.

उद्या 20 डिसेंबर. 1956 साली याच दिवशी गाडगेबाबा गेले. उद्याचा दिनविशेष ज्याच्या वाट्याला आहे, त्याने एवढी एकच ओळ लिहिली तरी चालेल. सकाळी मंडप उतरला की पटांगणात फुलांचा, कागदांचा, खाऊच्या पुड्यांचा कचरा पडलेला असेल. मी आज इथेच मुक्कामाला आहे. साडेसातला झाडू घेऊन येतो. कोण कोण येणार, हात वर करा पाहू.