‘फरक आढळला नाही’ या शब्दांचा अर्थ



शस्त्रक्रियांच्या तुलनात्मक चाचण्यांचे अहवाल वाचताना ‘संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही’ हे वाक्य वारंवार समोर येते, आणि दोन्ही पद्धती सारख्याच असे ठरवून आपण मोकळे होतो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की हाती आलेला पुरावा रूढ सीमारेषेपलीकडे गेला नाही. शस्त्रक्रियेच्या चाचण्यांत रुग्ण बहुधा थोडे. त्यामुळे खरा फरकही निसटू शकतो.

अमेरिकेतील २० केंद्रांत झालेली एक चाचणी २०२१ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या, जेमतेम एक किलो किंवा त्याहूनही कमी वजनाच्या बालकाच्या आतड्याला कोथ झाला अथवा नुसते छिद्र पडले, तर प्रथम पोट उघडावे की निचऱ्याची नळी घालावी, हा प्रश्न होता. ३१० बालकांची यादृच्छिक विभागणी झाली. मृत्यू किंवा मज्जासंस्थेच्या विकासातील दोष यांचे प्रमाण पोट उघडलेल्यांत ६९ टक्के, तर नळी घातलेल्यांत ७० टक्के होते. येथेच थांबले तर विषय संपला.

परंतु शस्त्रक्रियेपूर्वी कोथाचे निदान झालेल्या बालकांत हेच प्रमाण ६९ विरुद्ध ८५ टक्के होते. सापेक्ष जोखीम ०.८१, तिच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.६४ ते १.०४. वरची मर्यादा १ ओलांडते, म्हणून रूढ भाषेत हाही फरक ‘लक्षणीय नाही’! बेझ यांच्या पद्धतीने केलेले विश्लेषण मात्र सांगते, की या बालकांत पोट उघडणे हितकारक असण्याची संभाव्यता ९७ टक्के आहे. नुसत्या छिद्राचे निदान असता ती अवघी १८ टक्के. अतिदक्षता कक्षाबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांना ‘दोन्ही सारखेच, तुम्हीच ठरवा’ असे सांगणे या आकड्यांनंतर मला तरी योग्य वाटत नाही.

थॉमस बेझ हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची रीत आपल्याला परकी नाही. रुग्णाचे वय व लक्षणे पाहून आपण आधी एक अंदाज बांधतो आणि तपासणीचा अहवाल आल्यावर तो वाढवतो वा कमी करतो. येथे पूर्वीच्या अंदाजाच्या जागी चाचणीपूर्वीचे ज्ञान असते आणि अहवालाच्या जागी चाचणीचे आकडे.

हा पूर्वग्रह आपल्या सोयीने निवडला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तो आकडे पाहण्यापूर्वीच जाहीर करावा लागतो. संशयवाद्याने हवे तर ‘लाभ नसावा’ या गृहीतापासून आरंभ करून निष्कर्ष टिकतो का, ते पाहावे. शिवाय ९७ टक्के ही लाभ असण्याची संभाव्यता आहे, लाभाचे परिमाण नव्हे. ते जाणण्यासाठी विश्वासमर्यादांकडेच पाहावे लागेल. बालके थोडी असल्याने त्या येथे पुष्कळ रुंद आहेत.