दोन फेऱ्या
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं, की ही वर्गात पहिली यायची आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन्ही खरं आहे. पण मी आज बोलणार आहे माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीबद्दल आणि तिच्या इंजिनातल्या एका चेनबद्दल. त्या चेनचा आपल्या नववीच्या वर्गाशी संबंध आहे. तो शेवटी सांगते.

बाबांची गाडी म्हणजे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी काही जण तिच्यात दाटीवाटीने बसून सहलीलाही गेला आहात. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून ठेवली. त्यांची स्वतःची गाडी मात्र अजून कोल्हापुरात फिरते. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन ते तिची नोंदणी वाढवून आणतात.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले, तर बाबा म्हणाले, "सकाळी गाडी चालू केली की पुढून खडखड येतेय. चढाला दमही लागतो." म्हणून आम्ही गाडी शिवाजी उद्यमनगरात एका गॅरेजात नेली. गॅरेज आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं. तो आत्ता इथे बसलेला आहे. "सांगायचं ते सांग, पण नाव घेऊ नको," असं त्याने मला बजावलं आहे.

त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाला, "टायमिंग चेन. गिअरसकट बदलायला लागणार." मग म्हणाला, "पोरं सुट्टीवर आहेत. हाताखाली येतीस काय?" मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे, पण पाना हातात धरला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, तोही मार्कांपुरता. मी हो म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनमुळे फिरतो. त्याच्या वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे पिस्टन कुठे आहे त्यावर ठरतं. म्हणून दोघांना एका चेनने बांधलेलं असतं. कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा दुप्पट दात असतात. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक होते. चेन जुनी झाली की आपण "ताणली" म्हणतो. खरं तर तिच्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी ढिलाई येते. तशी चेन गिअरचे दातही खाते. सायकलची चेन बदलली आणि दातेरी चाक जुनंच ठेवलं, तर नवी चेनही लवकर जाते. इथेही तसंच, म्हणून तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या.

पहिला दिवस खोलण्यात गेला. पाणी काढलं, रेडिएटर, पंखा, बेल्ट काढले, मग पुली, मग पुढचं कव्हर. काहीही सुटं करायच्या आधी त्याने एक नंबरचा पिस्टन वर आणला, दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आल्या का ते पाहिलं आणि मला फोटो काढून ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी नवे गिअर आणि चेन बसवायचं काम त्याने मला दिलं. दोन्ही गिअर चेनमध्ये घालून खुणा जुळवायच्या आणि ती जोडी सरळ धरून एकदम शाफ्टवर सरकवायची. मी सरकवली. खुणा जुळल्यासारख्या दिसल्या. मी कव्हर उचललं, तर तो म्हणाला, "थांब. आधी हाताने फिरव."

प्लग काढलेले होते, त्यामुळे इंजिन पान्याने सहज फिरत होतं. एक फेरी झाली आणि कॅमची खूण थेट उलट्या बाजूला गेली. मी घाबरले. तो शांतपणे म्हणाला, "अजून एक." एकास दोनचं प्रमाण मी त्या क्षणी विसरले होते. तो विसरला नव्हता. दुसरी फेरी झाली, तरी खुणा नीट समोर येईनात. एका दाताचा फरक होता. सरकवताना चेन ढिली पडली होती. समजा कॅमच्या गिअरला चाळीस दात असले, तर एक दात म्हणजे ९ अंश, आणि क्रँकच्या हिशोबाने १८. तसंच कव्हर लावलं असतं, तर गाडी चालली असती खोकत खोकत, आणि सगळं परत खोलावं लागलं असतं.

माझा चेहरा पडला. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "काढ, परत बसव. कव्हर अजून कुठं लागलंय?"

मित्रांनो, नववीत प्रमाणाचं एक गणित सोडवायला सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावलं होतं. त्याला ते आलं नाही. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसले. नंतर वर्षभर मी त्याला "शून्यमहाराज" म्हणत होते. मॉनिटर होते, त्यामुळे बाकीचेही म्हणायला लागले. दहावीत त्याचं गणित राहिलं आणि तो गॅरेजात लागला.

चेन बसली. दोन फेऱ्या फिरवल्या, खुणा जुळल्या. मग मी ते सगळं त्याच्यापाशी काढलं आणि माफी मागितली. तो कव्हरचं पॅकिंग लावत होता. मान वर न करता म्हणाला, "आठवतंय की. विसरतंय कोण?" जरा वेळाने म्हणाला, "नव्या ऑइल सीलला जरा तेल लाव."

गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. बाबा आता पहाटे तिचा आवाज फोनवर ऐकवतात.

पण ती माफी मी गॅरेजात मागितली, दोघंच असताना. हसले होते वर्गासमोर. म्हणून आज सगळ्या वर्गासमोर आणि सरांसमोर पुन्हा मागते. मला माफ कर. प्रमाण तुला येत होतं. मलाच ते शिकायला अठ्ठावीस-तीस वर्षं लागली.